सुलट बाजूची खूण

मोटारसायकल अंगणात येऊन उभी राहिली, तेव्हा पेंटरच्या बायकोने पहिला प्रश्न विचारला तो असा, की ही चालते की ढकलावी लागते. प्रश्न अगदीच वावगा नव्हता. टाकीवरचा मूळचा हिरवा रंग ठिकठिकाणी उडालेला, एका बाजूला मुठीएवढा पोचा, आणि आधीच्या मालकाने चिकटवलेल्या कसल्याशा स्टिकरचा अर्धा तुकडा अजून जीव धरून होता. पण इंजिन ठणठणीत होतं, टायर नवे होते आणि मुलीने गाडी स्वतःच्या पगारातून घेतली होती. त्यामुळे तिच्या लेखी जगात याहून देखणी गाडी नव्हती.

मुलगी पिण्याचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. आता तिला बढती मिळाली होती, आणि बढतीबरोबर दोनशे किलोमीटरवरचा डोंगराळ भाग. तिथल्या साठ गावांतून फिरून विहिरींचे, टाक्यांचे, नळांचे नमुने बाटल्यांत भरून आणायचे. त्या गावांना दिवसातून एक बस, तीही स्वतःच्या मर्जीने येणार. म्हणून गाडी. तीन आठवड्यांनी, सोमवारी सकाळी निघायचं ठरलं होतं.

"बाबा, हिच्यावर मला वाघ काढून द्या," टाकीवर थाप मारत ती म्हणाली. "छापील चिकटवायचा नाही. तुमच्या हातचा."

पेंटरने उजवा हात हळूच पाठीमागे नेला आणि डाव्या हाताने धरून ठेवला.

चाळीस वर्षं त्याने या शहरातल्या पाट्या रंगवल्या होत्या. दवाखाने, शाळा, केशकर्तनालयं, चपलांची दुकानं, वकील, दातांचे डॉक्टर. शिडीवर उभं राहून, पट्टी न लावता, दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो एका दमात रेघ ओढायचा, आणि खाली उभे असलेले लोक आपली कामं विसरून बघत राहायचे. त्या हाताचा त्याला गर्व होता, आणि का नसावा. मग दोन वर्षांपूर्वी त्याने सगळे ब्रश धुऊन, पुसून डब्यात घालून ठेवले. विचारणाऱ्याला तो सांगायचा, "छापील बोर्ड आले. आता आपल्याला कोण विचारतो." ऐकणारा हळहळायचा, काळाला दोन शिव्या घालायचा आणि पुढे जायचा. काळ बिचारा निम्मा तरी निर्दोष होता. खरी गोष्ट अशी होती, की पेंटरचा उजवा हात थरथरायला लागला होता.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि गोळ्या लिहून दिल्या. हा जाणार नाही, पण गोळ्यांनी ताब्यात राहील, असं म्हणाले. त्या दिवसापासून पेंटरची बायको त्याचा चहाचा कप अर्धाच भरायला लागली. तिने कधी कारण सांगितलं नाही, त्याने कधी विचारलं नाही, आणि उरलेला अर्धा कप त्याला दहा मिनिटांनी निमूटपणे मिळायचा.

मुलीला मात्र कळू द्यायचं नाही, हे दोघांनी ठरवून टाकलं होतं. कारण दोन वर्षांपूर्वी हीच डोंगरातली जागा तिच्यासमोर चालून आली होती, आणि नेमकी तेव्हा तिची आई न्हाणीघरात पाय घसरून पडली. पाय प्लास्टरमध्ये गेला. "आई चालायला लागली की बघू," असं म्हणून मुलीने जागा सोडली. आई तीन महिन्यांत चालायला लागली, पण तोवर तिथे दुसरंच कोणी बसलं होतं. मुलीने एका शब्दाने कुरकुर केली नाही. केली असती तर आईबापांना सोसलं असतं. आता पुन्हा ती जागा रिकामी झाली होती, आणि बापाचा हात हलतो हे कळलं असतं तर या मुलीने पेटी भरलेली पुन्हा रिकामी केली असती. तेव्हा ती एकदा तिकडे जाऊन रुळू दे, मग सांगू, असा बेत होता.

आणि आता ती वाघ मागत होती. नाही म्हणावं तर का म्हणून विचारणार, हो म्हणावं तर हात बोलणार. पेंटर पुरता कात्रीत सापडला.

"वाघ म्हणजे पट्टेवाला?" त्याने वेळ काढण्यासाठी विचारलं.

"मग काय, चौकड्यांचा?"

पट्टा म्हणजे लांब, निमुळता फटकारा. ब्रश टेकवला की उचलेपर्यंत श्वास सोडायचा नाही. एक पट्टा थरथरला की मुलीलाच काय, रस्त्यावरच्या येणाऱ्या-जाणाऱ्यालाही कळणार. पेंटरने मनातल्या मनात सगळं प्राणिसंग्रहालय पालथं घातलं. घोड्याची आयाळ, गरुडाची पिसं, सगळीकडे रेघाच रेघा. मग त्याचे डोळे चमकले.

"पट्टेवाला वाघ ट्रकच्या मागे असतो. कुणीही काढतं," तो म्हणाला. "आपण बिबळ्या काढू."

"मी वाघ म्हणाले होते."

"बिबळ्या म्हणजे वाघच. बिबळ्या वाघच म्हणतात त्याला. शिवाय चपळ. मोटारसायकलला शोभतो."

"बरं, बिबळ्या," मुलगी म्हणाली.

इतक्या पटकन म्हणाली, की एरवी पेंटरला संशय आला असता. ही मुलगी चपलेच्या बंदावरून दुकानदाराशी अर्धा तास घासाघीस करणारी. पण सुटकेच्या आनंदात माणसाला काही दिसत नाही. ठिपके म्हणजे टेकवला आणि उचलला. ठिपका थोडा वेडावाकडा झाला तरी बिबळ्या तक्रार करत नाही.

कामाला सुरुवात झाली. मुलगी सकाळी आठला प्रयोगशाळेत जायची ती सहाला परतायची, आणि पेंटर साडेआठला गोळी घ्यायचा. नवाच्या सुमारास हात शांत व्हायचा आणि साडेदहापर्यंत बऱ्यापैकी सांगितलेलं ऐकायचा. पुढे तो स्वतःचा मुखत्यार. तो दीड तास हीच पेंटरची कमाई.

शेजारच्या गॅरेजवाल्याने टाकी उतरवून दिली. पेट्रोल काढलं, नळी सोडवली, सीटखालचा एक बोल्ट काढला आणि टाकी ओसरीत लाकडी स्टुलावर आणून ठेवली. पेंटरने ती पाणी लावून लावून घासली, आधी जाड कागदाने, मग बारीक. पोच्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, सुकवली, पुन्हा घासली. या कामात हात हललेला चालतो, किंबहुना हललेलाच बरा. मग गॅरेजवाल्याचा कॉम्प्रेसर आणला, धूळ उडू नये म्हणून ओसरीवर पाणी शिंपडलं आणि आधी प्रायमर, मग काळा रंग फवारला. रंगाच्या थरालाही आपण हातच म्हणतो. काळ्याचे तीन हात मारून झाले तेव्हा टाकीत ओसरीचं छप्पर दिसायला लागलं, आणि पेंटरला दोन वर्षांत पहिल्यांदा भूक लागल्यासारखं वाटलं. ब्रशचा डबा उघडला. ब्रश जसे ठेवले होते तसेच होते.

आता खाका. पाट्या रंगवणाऱ्यांचा हा जुना मार्ग. पातळ कागदावर चित्र काढायचं, त्याच्या रेघांवर बारीक बारीक भोकं पाडायची, कागद पाटीवर धरायचा आणि खडूच्या भुकटीची पुरचुंडी वरून आपटायची. कागद उचलला की खाली ठिपक्याठिपक्यांनी चित्र उमटलेलं असतं.

या घरात खाक्याला एक कायदा होता. मुलगी सहा वर्षांची असताना तिने एकदा 'मी लावते' म्हणून हट्टाने खाका लावला, तो उलटा. पेंटर आतून चहा पिऊन येईपर्यंत तिने पुरचुंडी आपटूनही टाकली होती, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची पाटी आरशात बघावी तशी उमटली होती. ती तशीच लावली असती तर रुग्णांची तपासणी रस्त्यावरच झाली असती. खडू होता म्हणून फडक्याने पुसून निभावलं. पण मुलगी दिवसभर रडली, आणि तिची समजूत काढायला पेंटरने तिला लाल पेन्सिल दिली. खाक्याच्या सुलट बाजूला, वरच्या कोपऱ्यात, बरोबरची खूण करायची. ते काम तिचं. आणि ती खूण बघितल्याशिवाय पेंटरने एकही खाका लावायचा नाही. मुलगी मोठी झाली, कॉलेजात गेली, तरी कायदा तसाच राहिला. पुढे पेंटर स्वतःच खूण करायचा आणि स्वतःच तपासायचा.

बिबळ्याचं चित्र काढायला त्याला चार सकाळी लागल्या. पूर्वी हे काम दुपारच्या चहापर्यंतचं होतं. डोळ्यांपुढे बिबळ्या लख्ख होता, भरधाव पळणारा, चारी पाय पोटाशी गोळा केलेला, शेपूट मागे ताठ. तो कागदावर उतरवताना मात्र बोटभर रेघ ओढायची, थांबायचं, खोडायचं, पुन्हा ओढायची. उजव्या हाताने काढणाऱ्याचे प्राणी बहुधा डावीकडे तोंड करतात, तसं याचंही तोंड डावीकडे होतं. चौथ्या दिवशी तो कागदावरून पळायला लागला, तेव्हा पेंटरने पेन्सिल खाली ठेवली. असा दुसरा आपल्याला काढता येणार नाही, हे त्याला कळलं होतं.

भोकं पाडायला सुई हातात धरवेना. बायको शिवणकाम करायची. लोकांचे कपडे कमी-जास्त करून द्यायची. ती आली, कागद घेऊन गेली आणि मशीनमधला दोरा काढून टाकून तिने बिबळ्याच्या रेघेरेघेवरून नुसती सुई चालवली. पोटाच्या वळणावर, कानाच्या टोकावर मशीन हाताने फिरवत. कागद उजेडात धरला तर बिबळ्या चमकत होता.

"शेपटीला जरा झोल आहे," ती म्हणाली.

"तो पळतोय. पळताना शेपटीला झोल असतो."

"मी काय बिबळ्यांच्या मागे फिरलेय?" ती म्हणाली आणि कुणाच्यातरी पॅंटची शिवण उसवायला बसली.

खाका लावताना पेंटरने कोपऱ्यात बघितलं. लाल खूण होती. कागद टाकीवर चिकटवला, पुरचुंडी आपटली. नंतरच्या सकाळी त्याने अंग पिवळ्या मातकट रंगाने भरलं. मनगटाखाली आडवी काठी धरली, की ब्रश बराच आज्ञाधारक व्हायचा. ठिपके त्याने ब्रशने काढलेच नाहीत. बोटाचं टोक रंगात बुडवायचं, टेकवायचं, किंचित सरकवून पुन्हा टेकवायचं. हात हलत होता आणि त्यामुळे एक ठिपका दुसऱ्यासारखा होत नव्हता. एवढे जिवंत ठिपके त्याला पस्तिसाव्या वर्षी जमले नसते. मिशांना मात्र तो घाबरत होता. शेवटी बायकोच्या डब्यातला दोरा पांढऱ्या रंगात भिजवला, ताणून धरला आणि टाकीवर टिचकीसरशी सोडला. एकेक मिशी सरळसोट उमटली. पेंटर एकटाच हसला. चोरी करून न सापडलेल्या माणसाचं हसू होतं ते.

एक बाजू झाली, सुकली. मग स्टुलावरची टाकी फिरवून दुसरी बाजू समोर घेतली. खाका घेतला. कोपऱ्यात बघितलं. लाल खूण होती. कागद चिकटवला, पुरचुंडी आपटली.

मुलगी रोज संध्याकाळी विचारायची, "दाखवा ना." पेंटर टाकीवर जुनी चादर टाकून ठेवायचा. अर्धवट पाटी दाखवायची नाही हा त्याचा नियमच होता. "शनिवारी," तो म्हणायचा. बायकोलाही त्याने ओसरीत येऊ दिलं नाही.

शनिवारी दुपारपर्यंत वरून चकाकीचे दोन हात मारून टाकी कडक सुकली होती. चारच्या सुमारास गॅरेजवाला आला. त्याने चादरीसकट टाकी उचलली, गाडीवर बसवली, नळी जोडली, बोल्ट आवळला आणि मग चादर ओढून काढली. डाव्या बाजूला उभं राहून तो म्हणाला, "पेंटर, मानलं. हा आता पुढच्या चाकावरून उडी मारणार." मग कौतुकाने मान डोलवत पलीकडच्या बाजूला गेला. तिथे त्याची मान थांबली. तो परत इकडे आला. परत तिकडे गेला.

"पेंटर," तो म्हणाला, "ह्या दोघांचं भांडण झालंय का?"

पेंटर उठून आला. डावीकडचा बिबळ्या गाडीच्या पुढच्या दिव्याकडे झेपावत होता. उजवीकडचा, तितकाच देखणा, तितकाच चपळ, शेपूट दिव्याकडे करून सीटच्या दिशेने पळत होता. गाडी इकडे आणि तो तिकडे.

टाकी स्टुलावर होती तोवर कुठली बाजू कुठे जाणार हे डोळ्यांना दिसत नव्हतं. प्रत्येक वेळी समोर डावीकडे तोंड केलेला एक चांगला बिबळ्या होता. दुसऱ्या बाजूला खाका उलटा करून लावायला हवा होता, एवढीच गोष्ट. शाळेतल्या पोराला कळली असती. चाळीस वर्षांत एक अक्षर चुकलं नव्हतं, आणि चुकलं ते कुठे, तर इथे.

"राहू द्या हो, चालत्या गाडीवर कोण बघतं," गॅरेजवाला म्हणाला. त्याचं वाक्य संपायला आणि फाटक वाजायला एकच गाठ पडली.

मुलगी प्रयोगशाळेतला शेवटचा दिवस लवकर आटपून आली होती. हातात सहकाऱ्यांनी दिलेलं खोकं होतं. तिने डावी बाजू बघितली आणि खोकं तिथेच जमिनीवर ठेवलं. वाकून मिशा बघितल्या, ठिपक्यांवरून हळूच बोट फिरवलं. "बाबा," एवढंच म्हणाली, पण तिच्या तोंडून ते इतक्या आनंदाने आलं, की पेंटरला वाटलं, आता इथेच थांबावं, हिने पलीकडे जाऊच नये. ती पलीकडे गेली.

बराच वेळ ती वाकलेलीच होती. उठली तेव्हा तिने बिबळ्याकडे नाही, बापाच्या तोंडाकडे बघितलं. गॅरेजवाल्याला अचानक दुकान उघडं टाकून आल्याची आठवण झाली आणि तो गेला. मुलगी ओसरीच्या पायरीवर बसली.

"मी सोमवारी जात नाही," ती म्हणाली.

"का?"

"तुमचा हात हलतो, ते मला माहीत आहे. गाडीच्या कागदांवर साक्षीदार म्हणून सही केलीत, तेव्हाच कळलं. तुमची सही मी शाळेत असताना गिरवून गिरवून शिकले होते. एकदा प्रगतिपुस्तकावर ठोकलीसुद्धा. त्या कागदावरची सही तुमची नव्हती."

दोन वर्षांची लपवाछपवी तीन आठवड्यांपूर्वीच उघडी पडली होती, आणि पेंटर आपला रोज कप टेबलावर ठेवूनच चहा पीत होता.

"म्हणून वाघ मागितला," ती पुढे म्हणाली. "म्हटलं, बघू तरी किती हलतो. तुम्ही पट्टे सोडून ठिपक्यांवर आलात, तेव्हा मला हसू आलं. आणि बरंही वाटलं. म्हटलं, हात हलतोय, पण डोकं अजून मला बनवण्याइतकं चालतंय. मी जाणार होते, बाबा. गोळ्या आहेत, आई आहे, मी निवांत जाणार होते. पण हे हाताने झालेलं नाही ना." तिने उजव्या बिबळ्याकडे बोट केलं. "परवा किल्ली खिशात होती आणि तुम्ही घरभर शोधलीत. काल मला सोमवारची तारीख दोनदा विचारलीत. आणि आता हे. तुम्हाला असं सोडून मी कुठे जाऊ?"

पेंटरला आता कळलं, की ही हाताला घाबरलेली नाही. आपलं डोकं कामातून जायला लागलंय असं तिला वाटतंय. जो हात लपवण्यात दोन वर्षं घालवली तो आता उघड्यावर काढल्याशिवाय ही मुलगी फाटकाबाहेर पडणार नव्हती.

तो उठला, आत गेला आणि खाका घेऊन आला. संध्याकाळची वेळ होती, गोळीचा अंमल केव्हाच उतरला होता. हातातला कागद फडफडत होता. रोजच्या सवयीने डावा हात मदतीला निघाला, पण पेंटरने त्याला थांबवलं. कागद फडफडू दिला. तसाच मुलीपुढे धरला.

"हा हात. दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "सकाळी दीड तास बरा असतो. बाकी वेळ हा असा. तू गेल्यावर सांगणार होतो. आणि हा खाका. बघ."

तिने कागद घेतला. वरच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीची खूण होती.

"चाळीस वर्षं अक्षरं काढली. अक्षर कधी उलटं लावतात का? दुसऱ्या बाजूला खाका लावताना मी खूण शोधली. मिळाली. लावला. मला वाटलं, चला, कायदा पाळला. मी विसरलो नाही, बाळ. विसरता आलं नाही, म्हणून हे झालं."

मुलीने खुणेवर बोट टेकवलं.

"किल्ली सगळेच शोधतात," पेंटर म्हणाला. "आणि सोमवारची तारीख मला पाठ आहे. दुसऱ्यांदा विचारली, कारण वाटलं, एखादा दिवस पुढे गेला असेल तर तू सांगशील."

तिने कागद उलटा केला आणि उजेडात धरला. मागच्या बाजूने बिबळ्या उजवीकडे पळत होता, अगदी हवा तसा. तिथे खूण नव्हती.

"मला ओसरीत येऊ दिलं असतं तर सांगितलं असतं," दारातून बायकोचा आवाज आला. ती कधीची तिथे उभी होती. "नवी शिकणारी पोरगी पहिल्यांदा दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापते. तिचं काय डोकं फिरलेलं असतं? जोडी कापायची सवय नसते, इतकंच. ह्यांनी जन्मात कधी जोडी काढली नाही. पाटीला मागची बाजू असते का?"

मुलगी आधी हसली आणि मग रडली, की उलटं झालं, हे पेंटरला नीट आठवत नाही. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हलत होता. तिने तो तसाच राहू दिला.

"उद्याचा दिवस आहे," थोड्या वेळाने तो म्हणाला. "सकाळी ती बाजू घासून टाकतो, परत—"

"हात लावायचा नाही," ती म्हणाली. नाक पुसलं आणि नेहमीच्या घासाघिशीच्या आवाजात सुरुवात केली. "मी सोमवारी जाते. पण दर रविवारी सकाळी ब्रशने एक ओळ लिहायची आणि मला फोटो पाठवायचा. काठी लावून नाही, दोरा ताणून नाही. हात जसा असेल तशी ओळ. मला बनवायचं नाही."

"दोरा कसा कळला तुला?"

"मिशी कुणाची एवढी सरळ असते? आणि आई, बाबांना कप भरून देत जा. तो अर्धा कप बघून बघून मला कंटाळा आलाय."

"सांडेल," आई म्हणाली.

"मग सांडू दे."

सोमवारी सात वाजता ती निघाली. मागे पेटी, पेटीवर नमुन्यांच्या रिकाम्या बाटल्यांचं खोकं, दोन्हीवरून दोरी आवळलेली. गल्लीच्या टोकापर्यंत तिची पाठच दिसत होती. टोकाला गाडी उजवीकडे वळली आणि क्षणभर ती बाजू समोर आली. गाडी पुढे चालली होती आणि तिच्या गुडघ्याजवळचा बिबळ्या जिवाच्या आकांताने आल्या वाटेने परत पळत होता. पेंटर आणि त्याची बायको फाटकाशी उभे होते. दोघांनी ते बघितलं.

आठ वाजता फोन आला. पेंटर चहाला बसत होता.

"पेट्रोल पंपावर आहे," मुलगी म्हणाली. मागे वाऱ्याचा आवाज होता. "बाबा, इथला माणूस गाडीभोवती दोनदा फिरला. म्हणतो, ताई, एवढं सुंदर काम, पण ह्या बाजूचा उलटा का काढला?"

"मग? काय सांगितलंस?"

"म्हटलं, उलटा नाही, सुलटच आहे. त्याचं घर तिकडे आहे."

बायकोने कप पुढे सरकवला, काठोकाठ भरलेला. त्याने उजव्या हाताने उचलला. थोडा चहा बशीत गेला, थोडा शर्टावर.

"ऐकताय ना?" मुलीने विचारलं.

"ऐकतोय," तो म्हणाला. "हात हलला जरा. चहा सांडला."

"किती?"

पेंटरने नीट बघून घेतलं. "निम्मा आहे अजून."

"चालेल," ती म्हणाली, आणि पलीकडे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.